संत्र्याचा वास आणि घरचं लोणी

फळाच्या चवीचं लोणी हा पदार्थ अलीकडे बऱ्याच जणांनी हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला पाहिलेला असतो. पावाच्या टोपलीशेजारी छोट्या वाटीत गुलाबी किंवा केशरी गोळा ठेवलेला असतो. पावावर लावला की आधी लोण्याची खारट चव येते आणि मागून फळाची. मग घरी येऊन कुणी तरी हौसेनं लोण्यात फळाचा रस ओततं आणि थोड्या वेळानं वाटीत दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात, खाली रस आणि वर लोणी. असं का होतं आणि होऊ नये म्हणून काय करायचं, हे आज मी सांगणार आहे. मी बरीच वर्षं वाशिम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मुलींना गृहअर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे उदाहरणं आपल्याच भागातली येतील. फळही आपल्याच भागातलं घेऊ, संत्रा.

आधी नावाचा घोळ दूर करू. अमेरिकेत ‘ॲपल बटर’ नावाचा पदार्थ मिळतो. पेन्सिल्व्हेनियाच्या जर्मन वंशाच्या वस्त्यांमध्ये तो फार जुना. त्यात लोण्याचा थेंबही नसतो. सफरचंदं तासन्‌तास शिजवून, आटवून, तपकिरी होईपर्यंत घोटतात. लोण्यासारखा पसरतो म्हणून त्याला बटर म्हणायचं. आपल्या नात्यात तो मुरंब्याचा किंवा आंबापोळीचा भाऊ लागतो. शेंगदाण्याच्या पीनट बटरचंही तेच. मी बोलते आहे ते खऱ्या लोण्याबद्दल, ज्यात फळाची चव मिसळलेली आहे. फ्रेंच स्वयंपाकात नरम लोण्यात पार्सलीचा बारीक पाला आणि लिंबाचा थोडा रस फेसून त्याचा रोल करून ठेवतात. आपलं संत्र्याचं लोणी त्या घराण्यातलं.

हा खेळ वाटत असला तरी त्यात पणाला लागते ती आठ दिवसांची साय. ज्या घरात रोज लिटरभर म्हशीचं दूध येतं, तिथे आठवड्याच्या सायीतून साधारण पाव किलो लोणी निघतं आणि त्यातून महिन्याच्या तुपाची बेगमी होत असते. दुधाचे पैसे कुणीही देवो, साय मात्र घरच्या बाईच्या हिशेबात असते. तिनं ती रोज एक एक चमचा करून जमवलेली असते. तेव्हा ती वाया जाईल असं काही सांगायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

आता मुख्य अडचण पाहू. दुधात पाणी पुष्कळ आणि त्यात स्निग्धांशाचे बारीक बारीक कण तरंगत असतात. प्रत्येक कणाभोवती एक पातळ पापुद्रा असतो, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. आपण रवीनं घुसळतो तेव्हा हा पापुद्रा फाटतो, कण एकमेकांना बिलगतात आणि लोणी वर येतं. म्हणजे सगळं उलटं होऊन बसतं. दुधात पाण्यामध्ये स्निग्धांश होता, लोण्यात स्निग्धांशामध्ये पाण्याचे थेंब अडकलेले असतात. हे थेंब किती असावेत याला मर्यादा आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बाजारातल्या टेबल बटरमध्ये निदान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी १६ टक्क्यांच्या वर चालत नाही. घरच्या लोण्यात पाणी याहून थोडं जास्तच असतं.

संत्र्याच्या फोडीत सुमारे ८७ टक्के पाणी असतं, आंब्याच्या रसात ८० टक्क्यांच्या वर आणि स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास. शंभर ग्रॅम लोणी घेतलं आणि त्यात दोन मोठे चमचे संत्र्याचा रस घातला, तर आधीच्या सोळा ग्रॅम पाण्यात पंचवीस-सव्वीस ग्रॅमची भर पडली. लोण्याला एवढं पाणी पोटात ठेवता येत नाही, ते बाहेर टाकतं. कितीही फेटा, मिक्सरमध्ये घाला, थोडा वेळ एकजीव दिसेल आणि फ्रिजमधून काढलं की घाम फुटल्यासारखे थेंब दिसतील. म्हणून फळाच्या लोण्याचं सगळं कसब एका प्रश्नात आहे: फळाची चव लोण्यात न्यायची आणि पाणी बाहेर ठेवायचं, हे कसं साधायचं?

उत्तराकडे जाण्यापूर्वी आमच्या शेजारच्या आजींचा आक्षेप सांगते, कारण तो पुष्कळांच्या मनात असतो. त्या म्हणाल्या, “आवं मॅडम, दुधात आंबट पडलं का दूध फाटते. लोन्यात संत्रा कायले टाकता? नासून जाईन ना सारं!” त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. दूध फाटतं ते त्यातलं केसिन नावाचं प्रथिन आंबटपणानं गोळा होतं म्हणून. पण घरचं लोणी आलेलं असतं विरजलेल्या सायीतून. ती आधीच आंबट झालेली असते आणि प्रथिनं बहुतेक सगळी ताकात निघून जातात. लोण्यात फाटायला फारसं काही उरलेलंच नसतं. मी हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, “मंग करून दाखवा, खाऊन सांगतो.” अशी माणसं मला आवडतात.

आता संत्रा हातात घ्या आणि सोलताना साल वाकवून पाहा. बारीक तुषार उडतो. लहानपणी हा तुषार आपण सगळ्यांनी भावंडांच्या डोळ्यांत उडवलेला आहे आणि त्यासाठी मारही खाल्लेला आहे. पेटत्या काडीजवळ साल पिळली तर तो तडतडून पेटतो. पेटतो, कारण ते पाणी नाही, तेल आहे. सालीच्या बाहेरच्या केशरी थरात डोळ्यांना दिसतील असे बारीक ठिपके असतात, त्या तेलाच्या पिशव्या. या तेलात लिमोनीन नावाचं द्रव्य सर्वांत जास्त असतं. संत्र्याचा जो वास आपण ‘संत्र्याचा’ म्हणून ओळखतो तो मुख्यतः इथला, फोडीतला नाही. फोडीत गोडी आणि आंबटपणा आहे, वास सालीत आहे. आणि हे तेल पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात मात्र लगेच विरघळतं. म्हणजे आपण जी साल उकिरड्यावर टाकतो ती लोण्याच्या कामाची आणि ज्या रसासाठी फळ घेतो तोच लोण्याला नको असलेला.

स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतात, हे आपल्याला वेगळ्या प्रकारे ठाऊक असतंच. फ्रिजमध्ये लोण्याची वाटी उघडी ठेवली आणि शेजारी चिरलेला कांदा असला, तर सकाळी लोणी कांद्याचं होतं. फ्रान्समधल्या ग्रास गावचे अत्तरवाले नेमकी हीच खोड वापरत. काचेवर चरबीचा थर द्यायचा, त्यावर मोगऱ्याच्या जातीची ताजी फुलं मांडायची, रोज बदलायची. चरबी फुलांचा वास पिऊन घेई. आपल्या देशात चमेलीचं तेल करताना तीळ आणि फुलं यांचे थरावर थर देत, त्यातलं तत्त्व हेच. तेव्हा सर्वांत सोपी रीत अशी, की घट्ट झाकणाच्या डब्यात लोण्याचा गोळा ठेवा, संत्र्याच्या सालीचा केशरी भाग लोण्याकडे करून भोवती लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. सकाळी साल काढून टाका. पाण्याचा थेंब न घालता लोण्याला मंद वास लागलेला असतो. ज्यांना फार खटाटोप नको त्यांनी इथेच थांबावं.

ज्यांना पूर्ण चव हवी त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्याचा हिवाळा फार सोयीचा आहे. मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतं आणि मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हशी बहुतेक पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी वितात, त्यामुळे याच दिवसांत दूध भरपूर असतं. तिसरी गोष्ट थंडी. दुधाचा स्निग्धांश विशीच्या पुढच्या तापमानात मऊ पडत जातो आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळून जातो. आपल्या मे महिन्यात तर स्वयंपाकघरच चाळिशीला टेकलेलं असतं, तिथे लोणी लोणी राहत नाही. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच हे काम करावं, असं माझं मत आहे. उन्हाळ्यात सायीचं सरळ तूप कढवावं.

घुसळण्याबद्दल आपल्या घरोघरी ज्ञान आहेच, मी फक्त त्यामागचं कारण सांगते. साय नेहमी तापवलेल्या दुधाचीच घ्या, कच्च्या दुधावरची नको. कारण पुढे ती आपण शिजवणार नाही आहोत. साय फ्रिजमध्ये साठवा, शेवटच्या दिवशी चमचाभर ताजं दही लावून रात्रभर बाहेर ठेवा. फार आंबू देऊ नका, अदमुरी असतानाच घ्या. म्हशीच्या सायीला घुसळताना ११ ते १३ अंशांच्या आसपासचा गारवा लागतो. जास्त गार असेल तर कण कडक राहतात, बिलगत नाहीत. जास्त ऊन असेल तर लोणी तेलकट होऊन अर्धं ताकात राहतं. आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात गार पाणी आणि कडक थंडीत कोमट पाणी घालत, ते थर्मामीटरशिवाय हेच तापमान गाठण्यासाठी. ज्वारीच्या दाण्याएवढे कण दिसले की थांबायचं, गोळा होईपर्यंत मिक्सर फिरवत बसायचं नाही. नाही तर आत ताक कोंडून बसतं.

मग लोणी गार पाण्यानं तीन-चार वेळा धुवा, पाणी निवळ येईपर्यंत. ही पायरी तुपासाठी थोडी कमी-जास्त झाली तरी चालते, कारण कढवताना उरलेल्याची बेरी होऊन जाते. इथे मात्र राहिलेलं ताक दोन दिवसांत लोण्याला वास आणतं. धुतलेला गोळा तिरप्या ताटात ठेवून पळीच्या पाठीनं दाबत राहा, पाणी ओघळत राहील. यात दहा मिनिटं जातात आणि ती वाचवू नयेत.

विरजलेल्या सायीला एक खमंग आंबूस वास असतो, तो बिनविरजणाच्या लोण्याला नसतो. यावरून अमूलची एक गंमत आठवते. अमूलनं मुंबईत लोणी आणलं तेव्हा तिथे पोल्सनचं राज्य होतं. पोल्सनचं लोणी शिळ्या, आंबलेल्या सायीचं आणि खारट. ताज्या सायीचं अमूलचं लोणी लोकांना बेचव वाटू लागलं, कारण जिभा पोल्सनला सरावलेल्या होत्या. तेव्हा कोणतं लोणी चांगलं हे बरंचसं सवयीवर असतं. संत्र्यासाठी मला विरजलेलं आवडतं, आंबटाला आंबट जुळतं. म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र असतं, त्यावर केशरी कीस उठूनही दिसतो. गाईच्या लोण्याचा पिवळेपणा कॅरोटीनचा. म्हशीच्या दुधात ते उतरत नाही.

दोनशे ग्रॅम लोण्याला दोन मध्यम संत्री पुरेत. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसता येत नाही, चुरगळते. म्हणून फळ सोलण्याआधीच किसणीच्या सर्वांत बारीक बाजूवर हलक्या हातानं फिरवा. केशरी थर तेवढा निघाला पाहिजे. पांढरं लागलं की फळ वळवा, कारण तो भाग कडू असतो. दोन संत्र्यांचा लहान चमचाभर कीस निघतो आणि तेवढाच हवा असतो.

साल खायची म्हटल्यावर फवारणीचा प्रश्न येतोच. दूर पाठवायच्या संत्र्यांवर चमक येण्यासाठी मेणाचा थर देतात, तोही किसात येतो. आपल्याकडे झाडावरून थेट घरी आलेलं, मेण न लावलेलं फळ मिळू शकतं. मुंबई-पुण्याच्या बायकांना ही सोय नाही. बागवाल्याला विचारा, शेवटची फवारणी कधी केली आणि औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटले का. मग कोमट मिठाच्या पाण्यात फळ चोळून धुवा आणि पुसून कोरडं करा. धुण्यानं वरचं निघतं, आत मुरलेलं निघत नाही, म्हणून विचारणं जास्त महत्त्वाचं. खात्री नसेल तर साल वापरू नका.

किसून झालेल्या संत्र्यांचा रस काढा, अर्धी वाटी तरी निघेल. बिया काढून, गाळून, दोन लहान चमचे साखर घालून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळी भांडं आंबटाला नको. ताटलीत थेंब टाकला तर पसरू नये, इतका घट्ट करा. तीन-चार लहान चमचे पाक उरतो. पाणी गेलं, गोडी-आंबटपणा राहिला. ताजा वास मात्र वाफेबरोबर उडून जातो, तो परत आणण्यासाठी कच्चा कीस आहे. म्हणून कीस पाकात शिजवू नका. पाक पूर्ण गार होऊ द्या, बोटाला कोमट लागला तरी थांबा.

लोणी परातीत घेऊन नानकटाईचं तूप फेसतो तसं तळहातानं किंवा लाकडी चमच्यानं फेसा. ते मऊ असावं पण चकाकू नये. चकाकायला लागलं म्हणजे वितळू लागलं. गॅसवर ठेवून मऊ करण्याचा मोह टाळा, कारण एकदा वितळलेलं लोणी पुन्हा थिजताना रवाळ होतं. ते तुपाला शोभतं, इथे नाही. आधी कीस आणि चिमूटभर मीठ घाला, मग पाक अर्धा अर्धा चमचा करून. पहिला दिसेनासा झाल्यावरच पुढचा.

तरीही पाणी सुटलंच तर घाबरायचं कारण नाही. परात दहा मिनिटं गार जागी ठेवा, सुटलेलं पाणी ओतून टाका आणि पुन्हा फेसा. बहुतेक वेळा जमून येतं. नाहीच जमलं तर रव्याचा शिरा करा आणि तुपाच्या जागी हे लोणी वापरा. त्याचं तूप मात्र कढवायला जाऊ नका, आतली साखर करपते. साय वाया जात नाही ती अशी.

बाकीच्या फळांचं थोडक्यात सांगते. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी खजुरापासून सुरुवात करावी. त्यात मुळात पाणी कमी, बिया काढून, बारीक वाटून मिसळलं की झालं, चुकायला जागाच नाही. आंब्याचा रस कढईची कड सोडेपर्यंत आटवावा लागतो. घरात आंबापोळी असेल तर तीच बारीक चिरून थोड्या कोमट पाण्यात मऊ करून घ्या, आटवण्याचं काम उन्हानं आधीच केलेलं आहे. सीताफळ नाजूक. त्याचा गर तापवला की कडवटतो, म्हणून आटवता येत नाही. बलक चाळणीवर घासून अगदी थोडा मिसळावा आणि त्याच दिवशी संपवावा. अननस आणि पपई कच्चे घालू नयेत. दोन्हींत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात, त्यांनी दुधाच्या पदार्थाला कडवटपणा येतो. एक उकळी आणली की ती निकामी होतात. केळं काळं पडतं, त्याचं शिकरणच बरं. डाळिंबाचा रस रंगाला छान दिसतो, पण त्याला सांगण्यासारखा वास नाही आणि पाणी पुष्कळ.

तयार लोणी घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरा. फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस टिकतं. साध्या लोण्यापेक्षा कमी, कारण फळ आणि साखर घातल्यानं बुरशीला खायला मिळतं. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा खरवडून बाकीचं खाऊ नका, सगळं टाका. बर्फाच्या कप्प्यात मात्र महिनाभर राहतं. कुणी साखरेऐवजी मध घालतात, चांगला लागतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. आणि शेवटी हे लोणीच आहे, लहान चमच्यात पस्तीसेक कॅलरी असतात, हे मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या माणसांनी लक्षात ठेवावं.

बचत गटाच्या मैत्रिणी विचारतात, हे विकता येईल का? येईल, पण त्यासाठी २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी आणि माल शेवटपर्यंत गार ठेवण्याची सोय हवी. शिवाय फळ घातल्यावर स्निग्धांश ८० टक्क्यांच्या खाली गेला असेल, तर वेष्टनावर नुसतं ‘बटर’ लिहिता येणार नाही, हे आधी विचारून घ्यावं. माझा सल्ला असा, की पहिला एक हंगाम घरातच करावं, पाहुण्यांना द्यावं आणि डबा किती दिवसांत बिघडतो ते वहीत लिहून ठेवावं.

गरम ज्वारीच्या भाकरीवर, साध्या घावनावर, पावावर हे लोणी चांगलं लागतं. तिखट थालीपिठावर मला ते जमत नाही, तिथे साधं पांढरंच हवं. आमच्या आजींनी भाकरीबरोबर खाल्लं आणि “बरं हाय, पन गूळ-लोनी ते गूळ-लोनी” असा निकाल दिला. ताक फेकू नका, ते गोडसर आंबूस असतं, त्याची त्याच दिवशी कढी करा. आणि किसलेली संत्री रसासाठी वापरली नाहीत तर ती लगेच खाऊन टाका. सालीचा वरचा थर गेल्यावर फळ दुसऱ्या दिवशीच सुकायला लागतं.